अर्धं विमान

रात्री साडेदहा, ऐरोली.
ओट्यावर दही विरजून ठेवलंय
आणि पडद्यावर एक डकोटा उभी आहे,
समोरून काढलेली, पांढऱ्यावर काळी.
खाली लिहिलंय: मुक्त परवाना. स्वतःचं काम.
मला फक्त दोन ओळी लिहायच्यात.
चित्र चांगलं आहे का.
चित्र कुणाचं आहे.

पहिल्या प्रश्नाला मी घाबरत नाही.
तेवीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात ट्रेसर होते,
पंपांची, व्हॉल्व्हची पोटं शाईनं गिरवली.
शून्य पॉइंट तीनची रेघ कुठे थकते
ते मला झोपेतही कळतं.
आठपट मोठं करून पाहिलं. रिव्हेट मोजले.
काचेवरची सावली ठिपक्यांची, एकेक ठिपका
हातानं टेकवलेला. एवढा धीर
संगणकाला नसतो.

मग पंखे पाहिले.
डकोटाचे दोन्ही पंखे एकाच अंगाला फिरतात,
पात्यांचा पीळ दोन्हीकडे सारखा हवा,
दोन पुस्तकांत पडताळलं.
इथे ते आरशात पाहिल्यासारखे,
एकमेकांकडे तोंड करून.
आणि ऊन: डाव्या पंखावर डावीकडून,
उजव्या पंखावर उजवीकडून.
एका विमानाला दोन सूर्य.

हसलेच मी, एकटी.
हे असं एकच माणूस करायचा,
हसुराम मढवी, घणसोलीचा, तिसऱ्या टेबलावरचा.
अर्धं काढायचा, ट्रेसिंग पेपर उलटा करायचा,
त्याच रेघांवरून पुन्हा पेन.
"आर्दा इमान माजा, आर्दा कागदाचा."
साहेब ओरडले की ब्लेडनं शाई खरवडायचा,
फुंकर मारायचा,
आणि अमोनियाच्या वासात
कुणाच्याही डब्यातली सुकट खायचा.
विमानात कधी बसला नाही.
पत्र्यावरून उतरत जाणारी फक्त मोजायचा.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात कागद खरवडलेला दिसतो.
तिथे चौकट असते आमच्यात:
कंपनीचं नाव, क्रमांक, काढला कुणी, तपासला कुणी.

टाकणारीचं नाव प्रणोती. विचारलं.
उत्तर लगेच: आजोबांचं आहे. जाऊन सहा वर्षं झाली.
पेटीत बावीस विमानं निघाली.
स्कॅन मी केलं, म्हणून स्वतःचं काम लिहिलं. चुकलं का?

चुकलं, बाई.
गिरणीतून पीठ आणलं
म्हणून तांदूळ आपण पिकवले असं होत नाही.
माणसामागे साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो.
तुझे वडील, काका, पनवेलला दिलेली आत्या,
सगळ्यांच्या सह्या लागतील.
एवढं लिहून थांबले.

कारण कागद कंपनीचा होता. शाई कंपनीची.
नोकरीत काढलेलं ते मालकाचं, असं कायदा म्हणतो.
मालक केव्हाच विकून गेला.
शेडच्या जागी काचेची इमारत आहे,
तिच्यात रात्री कुणीतरी
अमेरिकेच्या घड्याळानं जेवतं.

पण हसुराम सुट्टीत काढायचा.
साडेबारा ते एक. डबा तसाच झाकलेला.
मी पाहिलंय.
तो अर्धा तास कुणाच्या मालकीचा?

पुरावा मागतील. पुरावा मीच,
तपासनीसही मीच,
आणि त्या खरवडलेल्या चौकटीत
बहुधा माझीच सही होती,
एका दुपारी गंमत म्हणून ठोकलेली:
तपासला.
पंखे न बघता.

दर्जा: उत्तम. एक चूक. ती दुरुस्त करू नये.
हक्क:

प्रणोतीचा आणखी एक निरोप.
बाकीची एकवीस टाकू का?
थांब म्हटलं.
आधी पंखे बघू दे.